शिडीच्या गाण्याचं दुसरं कडवं

लेम शिडीवरून पडायचा तेव्हा तुला काय वाटायचं, असं मला पुष्कळांनी विचारलं. पेपरवाल्यांनी विचारलं, चर्चमधल्या बायांनी विचारलं, एका दाताच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात दोन बोटं घालून विचारलं. काही वाटायचं नाही. पडणं हा आमचा धंदा होता. सुताराची बायको काय प्रत्येक खिळ्याला रडते?

मी कोरिन्थिया मेब्री. जन्म केंटकीतला. एक गोरी गाणारी बाई आमच्या गावात आली होती, आवाज फाटका, कपडे झकास. तिचं गाणं पडायला लागलं की ती विंगेतून आम्हा चार-पाच काळ्या पोरांना स्टेजवर सोडायची. आम्ही नाचायचो, लोक खूश व्हायचे, टाळ्या ती घ्यायची. पोरं मोठी झाली की मांजराच्या पिलांसारखी वाटेतल्या एखाद्या गावात सोडून द्यायची. मला छाती आली आणि मला सोडलं. त्यानंतर तंबूत नाचले, औषधं विकणाऱ्याच्या गाडीवर नाचले, आणि शेवटी हॅल्पिनच्या कंपनीत आले. तिथं स्टेजवरची माणसं सगळी काळी, मालक गोरा. गाणी, नाच, नावाला एखादी गोष्ट आणि भरपूर धिंगाणा. याला म्युझिकल कॉमेडी म्हणायचं आणि पोस्टरवर माझं चित्र काढायचं. चित्रात माझे दात होते तेवढे माझ्या तोंडात कधीच नव्हते.

कंपनीत लेम्युएल पॉइंडेक्स्टर होता. त्याच्याशी मी लग्न केलं, कारण तो मला हसवायचा आणि त्याचे त्याला पैसे मिळत नव्हते. ज्या गावात आमच्या खेळाला उभं राहायला जागा नसायची, त्या गावच्या हॉटेलात आम्हाला खोली नसायची. ओहायोत एकदा आम्ही मयतं पुरणाऱ्याच्या दुकानात झोपलो, रिकाम्या पेट्यांच्या रांगेत. लेम अंधारात म्हणाला, "कोरी, जागा चांगली आहे गं. शेजारी कटकट करत नाहीत."

लेमचा रंग दूध जास्त झालेल्या कॉफीचा. तो गोऱ्यांना चालायचा नाही. त्यांना काळा हवा तो त्यांच्या मनातला. म्हणून लेम रोज जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचा आणि ओठ पांढरे रंगवायचा. दुसऱ्या लोकांत तोंडाला काळं फासतात ते बदनामी करायला. आमच्यात ती नोकरी होती.

गाणं केलं प्रोफेसरनं. ऑगस्टस टिल. आमचा पियानो वाजवायचा, वाद्यवाले सांभाळायचा, कुठल्याही कॉलेजात गेलेला नव्हता, पण आमच्यात पियानोवाल्याला प्रोफेसरच म्हणतात. माझ्या आणि लेमच्या लग्नाला द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं हे गाणं दिलं. बाई खिडकीत बसलीय, नवरा कामावरून येतोय, आणि ती म्हणते:

दिवा मी अजून विझवला नाही,
वाटेत कुणी अडवलं का रे तुला?
ये, वर ये, हात दे मला.

हे पहिलं कडवं. दुसरं पुढं सांगते.

तालमीत हॅल्पिननं ते ऐकलं. ओठांत विझलेली सिगार धरून तो पहिल्या रांगेत बसायचा.

"हे काय आहे, प्रोफेसर?"

"गाणं आहे, मिस्टर हॅल्पिन."

"ते मलाही कळतं. यात हसायचं कुठं?"

"यात हसायचं नाही. माणूस दमून घरी येतोय. त्याची बायको वाट बघतेय."

"कुठला माणूस? काळा?"

लेमनं स्टेजभर नजर फिरवली, आमची सगळी तोंडं पाहिली आणि अदबीनं म्हणाला, "सध्या आपल्याकडे तोच माल शिल्लक आहे, साहेब."

सगळे हसले. हॅल्पिनही हसला. मग तो उठला आणि कठड्यावर हात ठेवून बापासारखं बोलायला लागला. "पोरांनो, मी वाईट माणूस नाही. मला स्वतःला हे गाणं आवडलं. पण दोन काळी माणसं स्टेजवर खरोखरचं प्रेम करायला लागली की खालच्या खुर्च्यांतले लोक उठून जातात. हा कायदा मी केलेला नाही."

नव्हताच केला. तो कुणीच केलेला नव्हता आणि प्रत्येक कंपनीला तो पाठ होता. आमच्या खेळांत प्रेमाचा प्रवेश आला की कुणीतरी आपटायचं, कुणाची तरी पँट फाटायची, नाहीतर विंगेत कोंबडी ओरडायची. सरळ प्रेम करायचा हक्क गोऱ्यांच्या खेळाला. आम्ही अंगाई गायलो तरी पाळणा मोडायलाच हवा.

मग हॅल्पिननंच युक्ती काढली. कोरी खिडकीत, लेम शिडीवर. 'हात दे मला' म्हणून ती हात पुढे करेल, तो हात वर करेल, बोटाला बोट लागायच्या आत शिडी सरकेल आणि लेम खाली. ढोल. मग नाचाची चाल. दुसरं कडवं कापलं. "त्याची गरजच उरत नाही ना," हॅल्पिन म्हणाला.

प्रोफेसरनं दुसऱ्या कडव्याचा कागद घडी घालून बुटात ठेवला. त्याच्या बुटाला भोक होतं.

लेम छान पडायचा. हे मी त्याची बायको म्हणून सांगत नाही. कुणी पोत्यासारखं पडतं, कुणी फळीसारखं. लेम पडायचा तो आधी हवेत थांबून, जणू पडायचं की नाही याचा विचार करून, मग नाइलाजानं. लोक खुर्च्या बडवायचे. आणि मी वर खिडकीत हात पुढे करून थांबायची.

ते थांबणं लेमनंच मला शिकवलं होतं. हशा घेणं हे पडण्यापेक्षा अवघड. हशा चालू असताना हालायचं नाही, बोलायचं नाही. तो चढतो, वर जाऊन टेकतो, मग उतरायला लागतो. पुरता उतरायच्या आत पुढची गोष्ट सुरू करायची. लवकर केली तर हशा मेला, उशीर केला तर खेळ मेला. "मनात मोजू नकोस," लेम म्हणायचा. "अंगाला कळू दे. भाकरी करणारी बाई घड्याळ बघते का?" माझ्या अंगाला कळलं. इतकं कळलं की त्या जागी मी कुठं बघते, काय विचार करते, याचा मला पत्ता नसायचा. हात पुढे, तोंडावर हसू, आत काही नाही. वर्षंच्या वर्षं. खेळांची नावं बदलली, गोष्टी बदलल्या, शिडी बदलली नाही. लोक तिकीट काढतानाच विचारायचे, शिडी आहे ना?

पुढं आम्ही न्यूयॉर्कात चांगल्या थेटरात आलो. आमच्या माणसांना तिथं फक्त वरची गॅलरी, आणि गॅलरीचा जिना बाहेरच्या बोळातून. पण पाट्यांवर आमची नावं होती. पश्चिमेच्या त्रेपन्नाव्या रस्त्यावर, आमच्या लोकांच्या वस्तीत, मी चालायला लागले की बाया पदपथावर थांबून माझी टोपी बघायच्या. याला आमच्यात यश म्हणतात. मीही म्हणायची.

तिथंच लेमच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही येईनात. एकदा बुटात खिळा वर आला होता, तो त्यावर अख्खा खेळ नाचला आणि घरी मोजा काढला तेव्हा रक्त पाहून म्हणाला, "हे कुणाचं गं?" डॉक्टर म्हणाला, कमरेच्या मणक्यात बिघाड झालाय, आपटून आपटून. बरं होणारं नाही. पडणं बंद करा. हॅल्पिन म्हणाला, या आठवड्यापुरतं तरी पड बाबा, तोवर दुसरा माणूस बघतो.

शनिवारी दुपारच्या खेळाला लेम आरशासमोर काजळी लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोरी, आज मी पडणार नाही."

"पाय दुखतायत?"

"पाय आहेत कुठं? ते सोड. आज मी वर येणार. हात धरणार. प्रोफेसरला सांगितलंय. तू दुसरं कडवं म्हणायचं."

"लोक उठून जातील."

"जाऊ देत. त्यांना घरं आहेत."

"हॅल्पिन हाकलून देईल."

"मला?" लेम हसला. अर्ध्या तोंडाला काजळी होती, अर्धं तोंड त्याचं होतं. "तू घाबरतेस होय गं?"

मी घाबरले नव्हते. मला काहीच होत नव्हतं. पण हे त्याला हवं होतं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. म्हणून म्हटलं, "बरं. म्हणते."

प्रवेश आला. मी खिडकीत बसले. लेम शिडी चढायला लागला, एकेक पाय हातानं उचलून पायरीवर ठेवत. खालच्या लोकांना वाटलं ही नवी गंमत आहे, ते तेवढ्यालाच हसले. मी पहिलं कडवं म्हटलं. ये, वर ये, हात दे मला. मी हात पुढे केला आणि त्यानं तो धरला.

त्याचा हात गार होता. घामानं ओला होता.

शिडी सरकली नाही. ढोल वाजला नाही. प्रोफेसरनं दुसऱ्या कडव्याचा सूर दिला, अगदी हळू. कुणीही उठून गेलं नाही. ते हसले. बरोबर त्याच जागी, रोजच्यासारखे, रोजच्यापेक्षा जास्त. पडायला कुणी नव्हतं तरी हसले. एक काळा माणूस बायकोचा हात धरून उभा आहे आणि त्याला तो सोडायचा नाही, एवढ्यावर ते पोट धरून हसले. समोरचा एक जण डोळे पुसत होता.

आणि माझं अंग थांबलं. हशा घ्यायला. हात लेमच्या हातात, तोंडावर हसू, तोंड बंद. हशा काही उतरेना. प्रोफेसरनं तोच सूर पुन्हा दिला, पुन्हा दिला. लेम माझ्याकडे बघत होता. मग त्यालाच कळलं की काही होणार नाही. त्यानं माझा हात सोडला आणि पडला. हवेत थांबला नाही, पोत्यासारखा पडला. ढोल. नाच.

विंगेत हॅल्पिननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा रे पोरा! आधी हात धरायचा, मग पडायचं! हे आधी का नाही सुचलं? हेच ठेवू या."

"ठेवा, साहेब," लेम म्हणाला. त्याला दोघांनी उचलून खोलीत नेलं.

तो परत स्टेजवर गेला नाही. आम्ही राहायचो तिथं मिसेस क्रेन्शॉ घरमालकीण होत्या. त्यांनी तळमजल्यावरची खोली दिली आणि रोज चवळी-भात द्यायला लागल्या, जणू त्याचं सगळं बिघडलं होतं ते पोटात. रविवारी दुपारी खेळ नसायचा. मी त्याचे पाय चोळत बसायची. त्याला कळायचं नाही मी चोळतेय ते. तो खिडकीबाहेर बघत असला तर मी थांबायची आणि नुसती बसायची.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, "कोरी, आता म्हण."

"काय?"

"दुसरं कडवं. इथं कुणी नाही. मिसेस क्रेन्शॉ चर्चला गेल्यात. म्हण ना, सबंध. मी ऐकून मरतो."

"असं बोलू नये."

"बरं, ऐकून जगतो. म्हण."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. दिवा मी अजून विझवला नाही. वाटेत कुणी अडवलं का रे तुला. ये, वर ये, हात दे मला. त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला. मी धरला.

आणि थांबले.

बाहेरून घोडागाडी गेली. कुणाच्या तरी घरी तळण चाललं होतं, त्याचा वास आला. मी त्याच्या हाताकडे बघत बसले होते, तोंडावर ते हसू घेऊन. ते तोंडावर आहे हे मला गाल दुखल्यावर कळलं.

"कुणासाठी थांबलीस?" लेमनं विचारलं. रागानं नाही.

मी दाराकडे पाहिलं.

"ते इथं नाहीत, कोरी. ते घरी जेवतायत."

"माहितीय."

"मग म्हण."

मी तोंड उघडलं. शब्द मला पाठ होते. ओळीन् ओळ पाठ होती. पण त्या जागेच्या पुढं माझ्याकडे रस्ताच नव्हता. लवकर केलं तर मेलं, उशीर केला तर मेलं. अंग वाट बघत राहिलं, हशा येईल, मग उतरेल, मग आपण पुढं जाऊ. हशा आलाच नाही.

लेम बराच वेळ माझा हात धरून होता. मग म्हणाला, "असू दे गं. मीच शिकवलं ना." आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं तो रडतोय. तो झोपला होता.

त्याच आठवड्यात तो गेला. दुपारचा खेळ चालू होता. संध्याकाळच्या खेळाआधी प्रोफेसरनं मला सांगितलं. हॅल्पिन दारात टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, आज नको करूस, हवं तर. मी म्हटलं, करते. लोकांनी याच्यावर पुष्कळ लिहिलं, की ही बाई म्हणजे दगड, की ही बाई म्हणजे देवी, कलेसाठी दुःख गिळलं वगैरे. गाढव लेकाचे. मला खोलीत जायचं नव्हतं, दुसरं काही नाही. खोलीत पलंग होता.

लेमच्या जागी रॉस्को बीम म्हणून माणूस आणला होता. चांगला माणूस. फळीसारखा पडायचा, पण पडायचा. पहिल्याच दिवशी खेळाआधी माझ्याकडे आला, "मिस मेब्री, मी हात धरताना घट्ट धरू की नुसता लावू?"

"नुसता लाव."

"बरं ताई."

तो शिडीवर आला, हात लावला, पडला. ढोल. हशा. मी वर खिडकीत, हात पुढे. हशा चढला, वर गेला, आणि तिथं, त्याच्या ऐन शेंड्यावर, माझं तोंड हलायला लागलं. मी दुसरं कडवं म्हणत होते. मोठ्यानं नाही, पण खरोखरच्या आवाजात. कुणाला ऐकू येणार? खाली हजार माणसं खिंकाळत होती. हशा उतरायला लागला तेव्हा माझं कडवं संपलं होतं. नाच सुरू झाला. प्रोफेसर खालून माझ्याकडे बघत होता, त्याचा एक हात पियानोवरून उचललेला तसाच राहिला होता. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. पुढच्या खेळापासून त्या जागी तो ढोलाच्या आवाजाआड दुसऱ्या कडव्याचा सूर धरायला लागला.

मग रोज तसंच. वाटलं का काही? नाही. लेमला ऐकायचं होतं तेव्हा म्हणता आलं नाही, आता हशाच्या आत म्हणता येत होतं. तिथं रस्ता होता, तेवढंच. वसंत ऋतू गेला, उन्हाळ्यात थेटर भट्टीसारखं तापलं, खेळ बंद व्हायची बोलणी सुरू झाली. मी म्हणत होते.

एका बुधवारी दुपारच्या खेळानंतर मी बोळातल्या दारानं बाहेर आले. गॅलरीच्या जिन्यापाशी एक बाई उभी होती. माझ्यापेक्षा मोठी, हातांची कातडी गरम पाण्यानं पांढरी पडून सोललेली. लॉन्ड्रीतले हात लांबून ओळखू येतात. टोपी मात्र रविवारची घातली होती.

"मिस मेब्री, जरा थांबतेस? सही नको मला. मला वाचता येत नाही."

"बोला."

"मी गॅलरीच्या अगदी टोकाला बसते. ती जागा कुणी घेत नाही, अर्धं स्टेज दिसतच नाही. पण तू थेट खाली असतेस, माझ्या पायांखाली. मला ऐकू येतं."

मी वर गॅलरीच्या जिन्याकडे पाहिलं.

"खालचे हसतात तेव्हा वरचे आमचे लोक हसत नाहीत बघ त्या जागी. गप्प असतात. म्हणून येतं ऐकू. पाच-सहा वेळा आले मी, शब्द धरायला. नवऱ्याला म्हणून दाखवायचंय. तो गोदीवर काम करतो, येतो तो बोलायच्या पलीकडचा होऊन येतो. त्याला म्हटलं, एका बाईला तुझं माहितीय." ती थोडी लाजली. "पण तिसरी ओळ काही केल्या हाती लागत नाही. त्या वेळी ते मेले फारच खिदळतात. तेवढी सांगशील का?"

"तुम्हाला बाकीचं येतं?"

"येतं की." आणि ती तिथंच, बोळात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी राहून म्हणायला लागली. आवाज चर्चमधला होता, जाडसर, घाई नसलेला.

थकलास तर बोलू नकोस काही,
बूट तिथंच काढ, दाराशी.

आणि माझ्याकडे बघत राहिली.

"उद्याचं काम उद्याच्या माथी," मी म्हटलं.

"हां!" ती म्हणाली. "उद्याच्या माथी. बरोबर आहे. तेच बसतं तिथं." मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं जोडून म्हटलं, आणि शेवटच्या ओळीला माझं तोंड आपोआप तिच्याबरोबर उघडलं.

थकलास तर बोलू नकोस काही,
बूट तिथंच काढ, दाराशी.
उद्याचं काम उद्याच्या माथी,
आजची रात्र बस माझ्यापाशी.

मी थांबले. अंग थांबलं. वर जिन्यावरून गॅलरीतली माणसं उतरत होती, त्यांतली दोन-तीन पायऱ्यांवरच उभी राहिली होती. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली होती. मी वाट बघत उभी होते.

कुणी हसलं नाही.

"पुढं?" त्या बाईनं विचारलं.

"पुढं नाही. एवढंच आहे."

"एवढं पुष्कळ झालं," ती म्हणाली, आणि टोपी सरळ करून घाईघाईनं निघाली. तिचा नवरा यायची वेळ झाली होती.